दोन रकान्यांमधलं चिन्ह

महिन्याच्या दहा ते पंधरा तारखांच्या दरम्यान कुठल्याही कारखान्याच्या पगार खात्यात डोकावलात तर एखाद्या संगणकावर एक फाइल उघडी दिसते. आधी बारा आकडी यूएएन, मग #~#, मग कामगाराचं नाव, परत #~#, मग एकूण पगार, परत #~#. असे अकरा रकाने आणि त्यांच्यामध्ये दहा वेळा तेच काटेरी तारेचं कुंपण. ही भविष्य निर्वाह निधीची ईसीआर फाइल. २०१२ साली ही पद्धत सुरू झाल्यापासून ती दरमहा पोर्टलवर चढवावी लागते. पंधरा तारीख चुकली की व्याज मागे लागतं.

मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर लिहिते. पुण्यात बसून, भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी आणि काही शिक्षणसंस्थांसाठी. कारखान्यात नवा अकाउंटंट रुजू झाला की पहिल्याच महिन्यात फोन येतो, "मॅडम, हे मध्ये काय घातलंय? साधा कॉमा चालला नसता का?"

चालला नसता. पण मधलं चिन्ह कुठलं असावं यापेक्षा ते कुणी ठरवावं, हा आमच्या धंद्यातला खरा तंटा आहे. फाइल लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याने, की मध्ये उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्या अकाउंटंटने? संगणकाच्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांची नावं येतात, हा तंटा तळटीपेतही येत नाही. माझी बरीचशी नोकरी आणि मग सगळा व्यवसाय त्यातच गेला, म्हणून तो सांगायला बसले.

सुरुवातीला चिन्ह नव्हतंच. हर्मन हॉलरिथने १८९०च्या अमेरिकन जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली, आणि १९२८ साली आयबीएमने ८० स्तंभांचं कार्ड आणलं. पुढची चार-पाच दशकं जगातला बहुतेक हिशेब त्या ८० स्तंभांत बसवला गेला. पहिले पाच स्तंभ टोकन नंबरचे, पुढचे वीस नावाचे, त्यापुढचे आठ मूळ पगाराचे. रकाना कुठे संपला हे सांगायला कुणी लागत नसे, जागाच ते सांगायची. फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिणारा 'आय पाच, एफ आठ पॉइंट दोन' अशा खुणांनी यंत्राला आधीच सांगून ठेवायचा की कुठून कुठवर वाच. यात चंगळ अशी की मजकुरात कॉमा येवो, टिंब येवो, काही बिघडत नसे. आणि जाच असा की आकडा एक घर जरी डावीकडे सरकला तरी किंमत बदलायची. जुना फोर्ट्रान आकड्याच्या जागेतलं कोरं घर शून्य समजायचा. तीन घरांत १२ लिहून तिसरं कोरं सोडलं की यंत्र एकशेवीस वाचून मोकळं.

कार्डं मी हाताळली नाहीत. मी शिकले तेव्हा पुण्यात डीबेस थ्री प्लसचं राज्य होतं. पण कार्डांचं भूत त्यातही होतं. 'एसडीएफ' असं लिहून फाइल काढली की ती ठरीव रुंदीची निघायची, प्रत्येक रकाना मोजून मापून. आमच्याकडच्या एका पगारपत्रकात नावाला वीस घरं दिलेली होती, आणि आडनाव पहिलं लिहायची पद्धत. इंग्रजी अक्षरांत 'कुलकर्णी ज्ञानेश्वर' लिहून बघा. आठ अक्षरं, एक मोकळं घर, अकरा अक्षरं. बरोबर वीस. वडिलांचं नाव कुंपणाबाहेर. एकाच खात्यात पांडुरंगरावांचा ज्ञानेश्वर आणि विठ्ठलरावांचा ज्ञानेश्वर असले की फाइलीत दोघे एकच. ज्या मुलखात माणूस तीन नावांनी ओळखला जातो तिथे ठरीव रुंदी टिकणार नव्हती.

मग दोन रकान्यांच्या मध्ये काहीतरी घालायला हवं. गंमत म्हणजे यावरचं शास्त्रशुद्ध उत्तर साठच्या दशकातच तयार होतं. अमेरिकेत १९६३ साली आस्की संकेतावली ठरली तेव्हा तिच्यात निव्वळ विभाजनासाठी आठ जागा राखून ठेवल्या होत्या. १९६७च्या आवृत्तीपर्यंत त्या चारवर आल्या, क्रमांक २८ ते ३१. एक फाइली वेगळ्या करायला, एक गट, एक नोंदी आणि शेवटचं, ३१ नंबरचं, एका नोंदीतले घटक वेगळे करायला. ही चिन्हं कुठल्याच नावात, पत्त्यात, रकमेत येणं शक्य नव्हतं. भांडणच मिटलं होतं म्हणा ना.

पण ती कीबोर्डवर नव्हती आणि पडद्यावर दिसत नव्हती. ज्या चिन्हाला बोटाने दाबता येत नाही आणि डोळ्याने बघता येत नाही, त्यावर हिशेबनीस विश्वास ठेवणार नाही. तो बरोबरच आहे.

अपवाद ग्रंथपालांचा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम नावाच्या बाईंनी १९६६ साली ग्रंथसूची यंत्रावर नेण्याचा प्रायोगिक प्रकल्प चालवला आणि १९६८पर्यंत 'मार्क'चा पक्का आराखडा तयार केला. बाई मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या. त्यांच्या आराखड्यात उपरकान्यांच्या मध्ये ३१ नंबर, रकान्याच्या शेवटी ३०, नोंदीच्या शेवटी २९. आजही जगभरची ग्रंथालयं हाच आराखडा वापरतात. पण सूचीकार बाईंना पडद्यावर काय दिसतं? कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये डॉलर, कुठे दुहेरी खंजीर, कुठे उभी रेघ. म्हणजे आत खरं चिन्ह एकच आणि बाहेर ज्याने त्याने आपल्या सोयीचं लावलेलं. त्यातून नवा घोळ निघाला. सूची साध्या मजकुरात उतरवली की पुस्तकाच्या किंमतीतला खरा डॉलर आणि खुणेचा डॉलर ओळखू येईनात. मग खऱ्या डॉलरसाठी महिरपी कंसात 'डॉलर' हा शब्द लिहायची रीत पडली.

आपल्याकडे कस्टमवाल्यांनी ही अदृश्य चिन्हं उचलली. न्हावा शेवाच्या मालाची कागदपत्रं कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर पाठवणाऱ्या एजंटांच्या फाइलींत रकान्यांच्या मध्ये २९ नंबरचं चिन्ह असतं. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडलीत तर सगळं एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं, आणि कुणी ते 'नीट' करायला मध्ये स्पेस मारल्या की फाइल परत येते.

कीबोर्डवरचं चिन्ह घेऊन काम भागवायची सवय जगाला लावली ती युनिक्सने. बेल लॅब्जच्या मंडळींनी वापरकर्त्यांची यादी एका साध्या फाइलीत ठेवली आणि रकान्यांच्या मध्ये अपूर्णविराम, म्हणजे कोलन, घातला. का? माणसाच्या नावात कोलन येत नाही म्हणून, एवढं साधं. त्याच यादीतल्या एका रकान्यात नाव, खोली, फोन हे पुन्हा कॉमाने तोडलेले असत. म्हणजे कुंपणाच्या आत कुंपण. त्यांच्या इतर फाइलींत कुठे टॅब, कुठे स्पेस. मग फाइल वाचणाऱ्या अवजारांना विचारणं भाग पडलं, बाबा रे, या फाइलीत मध्ये काय आहे?

वापरणाऱ्याने चिन्ह सांगायचं, ही प्रथा रूढ झाली ती या अवजारांमुळे. पण एकाच घरातल्या अवजारांनी हा एक प्रश्न किती परीने विचारावा! क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट'ला छोटा टी लावून सांगायचं, रकाने कापणाऱ्या 'कट'ला छोटा डी लावून, आणि १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी लिहिलेल्या 'ऑक'ला मोठा एफ लावून. 'ऑक'मध्ये तर एक खास खोड होती. मोठ्या एफपुढे नुसतं टी लिहिलं की तो टी हे अक्षर न घेता टॅब घ्यायचा, कारण टी या अक्षराने रकाने तोडणारा माणूस जन्माला येणार नाही असा हिशेब. मला यातला मनमोकळेपणा सर्वांत आवडतो तो 'सेड' या अवजारात. एका शब्दाऐवजी दुसरा घालायचा असेल तर मधली खूण आधी ठरलेली नाहीच. आज्ञेच्या अक्षरानंतर तुम्ही जे चिन्ह लिहाल तेच त्या ओळीपुरतं विभाजक. मजकुरात तिरक्या रेघा असतील तर उभी घ्या. विचारणं नाही, चौकट नाही, लिहिता लिहिता ठरलं.

कॉमाचं प्रस्थ वाढलं ते निराळ्या वाटेने. १९७२ साली आयबीएमच्या एका फोर्ट्रान कंपायलरने घरं मोजायची अट सैल केली. आकडे कॉमाने किंवा स्पेसने तोडून द्या, मी वाचतो. ऐंशीच्या सुरुवातीला टेबलावरचे संगणक आले, आणि १९८३ पर्यंत ऑस्बोर्नच्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या सुपरकॅल्कच्या माहितीपुस्तकात 'कॉमाने तोडलेली मूल्यं' हे नाव छापून आलं होतं. नंतर स्प्रेडशीट बनवणाऱ्या प्रत्येकाने ते घेतलं, प्रत्येकाने आपापल्या मताने. मजकुरात कॉमा असेल तर अवतरणचिन्हांत घाला. अवतरणचिन्हच असेल तर? कुणी ते दोनदा लिहायचं, कुणी आधी उलटी तिरकी रेघ द्यायचं, कुणी विचारच केलेला नसायचा. याचे सर्वमान्य म्हणता येतील असे नियम कागदावर यायला ऑक्टोबर २००५ उजाडला. याकोव्ह शाफ्रानोविच यांनी लिहिलेलं आरएफसी ४१८०. म्हणजे आधी वीसेक वर्षं लोक फाइली पाठवत होते आणि मग नियम लिहिले गेले. त्या कागदातही, फाइलीबरोबर अक्षरसंच कुठला आणि पहिल्या ओळीत मथळे आहेत का हे सांगायची सोय आहे. मध्ये कुठलं चिन्ह आहे ते सांगायची नाही. नावातच कॉमा आहे, मग विचारायचं काय, असा त्यांचा रोख असावा.

डीबेसचं एक सांगायला हवं, कारण त्याने आमच्या पिढीचे दिवस खाल्ले. तिथे फाइल उतरवताना 'डिलिमिटेड विथ' असं लिहून पुढे चिन्ह द्यायची सोय होती. आता कुणीही समजेल की हे चिन्ह दोन रकान्यांच्या मध्ये येणार. तसं नव्हतं. ते मजकुराच्या दोन्ही बाजूंना लागायचं, आणि मध्ये आपला कॉमाच राहायचा. फॉक्सप्रोने पुढे मधलं चिन्ह बदलायला वेगळा शब्द दिला, तोवर सगळ्या ऑफिसांत उभ्या रेघांत कोंडलेली नावं आणि त्यांच्यामधले कॉमे असलेल्या फ्लॉप्या फिरून झाल्या होत्या.

आणि कॉमा आपल्या माणसांना मानवतच नाही. पुण्यातला पत्ता घ्या. फ्लॅट नंबर, कॉमा, दुसरा मजला, कॉमा, सोसायटी, कॉमा, अमुक मंदिरासमोर, कॉमा, सदाशिव पेठ. पाच रकाने तिथेच झाले. रकमेत तर आपण इंग्रजांपेक्षा एक पाऊल पुढे. त्यांचा दहा लाखाच्या आकड्यात दुसरा कॉमा येतो, आपला लाखालाच. १,२५,००० हा पगार अवतरणचिन्हाविना कॉमाच्या फाइलीत गेला की तीन रकाने होतात. एक, पंचवीस आणि शून्य.

युरोपचं दुखणं याच्या उलट. जर्मनी, फ्रान्स, इटलीत दशांशचिन्हच कॉमा आहे. इंग्लंड-अमेरिकेत टिंब. या भांडणात वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली, दोन्ही चालतील, असा निवाडा देऊन अंग काढून घेतलं. एक्सेल काय करतं, तर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये यादीचं चिन्ह जे असेल ते वापरतं. जर्मन सेटिंगच्या यंत्रावर 'कॉमाने तोडलेली' म्हणून साठवलेली फाइल सेमीकोलनने तोडलेली निघते. चाकण परिसरात जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणारे माझे काही ग्राहक. तिकडून ओव्हरटाइमची फाइल येते. रकाने सेमीकोलनने तोडलेले, आणि साडेबारा हजार रुपये लिहिलेले १२.५००,०० असे. सेमीकोलन ओळखलं म्हणून खूश होऊन पुढे गेलात तर टिंबाला दशांश समजून कामगाराला साडेबारा रुपये ओव्हरटाइम मिळतो. चिन्ह एकटं बदलत नाही, हे फाइल चढवून घेणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या गावीही नसतं. मधलं चिन्ह विचारतात, दशांशचिन्ह विचारत नाहीत.

हे दोन्ही एकत्र सांगायला हवं, हे ज्यांना कळलं होतं ती माणसं व्यापारी कागदपत्रांची होती. कंपन्यांनी एकमेकांना ऑर्डर, बिलं, चलनं संगणकातून संगणकात पाठवावीत म्हणून अमेरिकेत १९७९ साली एक्स-ट्वेल्व्ह नावाची समिती बसली. त्यांच्या फाइलीची पहिली ओळ नेमकी १०६ चिन्हांची असते, शेवटच्या खुणेसकट. पहिली तीन अक्षरं ठरलेली. चौथ्या जागी जे चिन्ह असेल तेच सबंध फाइलीत रकाने तोडणार. १०५व्या जागी जे असेल ते उपरकाने तोडणार, १०६व्या जागचं ओळ संपवणार. वाचणाऱ्याने कुणाला काही विचारायचं नाही, मोजून त्या घरांत बघायचं. कार्डांच्या जमान्यातली ठरीव जागा त्यांनी फक्त एका ओळीपुरती ठेवली, आणि तिच्या जोरावर बाकीची फाइल मोकळी सोडली. मला हे आमच्या धंद्यातलं सर्वांत शहाणं काम वाटतं.

युरोपात १९८७ साली एडिफॅक्ट आलं. त्यात फाइलीच्या तोंडाशी नऊ चिन्हांची ओळ देता येते. यूएनए ही तीन अक्षरं आणि पुढे सहा चिन्हं. उपरकाना कशाने तुटतो, रकाना कशाने, दशांशचिन्ह कुठलं, खुणेचंच चिन्ह मजकुरात आलं तर त्याच्याआधी काय लावायचं, एक राखीव, आणि ओळ कशाने संपते. दशांशचिन्हसुद्धा! रुग्णालयांच्या संगणकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९८७ सालीच स्थापन झालेल्या एचएलसेव्हनने तीच चाल घेतली. त्यांच्या निरोपाची पहिली ओळ एमएसएच या अक्षरांनी सुरू होते, आणि लगेच |^~\& अशी चिन्हांची रांग. बहुतेक सगळेच नेमकी हीच चिन्हं वापरतात, पण तरी दर वेळी लिहून देतात. रक्ताच्या तपासणीचा अहवाल आहे, तिथे अंदाज नको.

मग हे सगळं ठाऊक असताना आपल्या सरकारी पोर्टलांनी काय केलं? त्यांनी तंटा एका फटक्यात मिटवला. चिन्ह आम्ही ठरवणार, तुम्ही पाळणार. २००३ साली टीडीएसची विवरणपत्रं संगणकावर घ्यायची योजना आली. मुंबईच्या एनएसडीएलने फाइलीचा जो साचा दिला त्यात रकान्यांच्या मध्ये ^ हे टोपीचं चिन्ह. सीएकडे काम केलेल्या कुणालाही ती फाइल आठवेल. एफएच, बीएच, सीडी, डीडी अशा ओळी, आणि रिकाम्या रकान्यांच्या जागी ^^^^^^ अशा टोप्यांच्या रांगा. एक टोपी कमी पडली की पॅन नंबर जाऊन पत्त्याच्या घरात बसतो, आणि तपासणीचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी भलत्याच रकान्याच्या नावाने ओरडतं. म्युच्युअल फंडांच्या संघटनेची, अ‍ॅम्फीची, रोजच्या एनएव्हीची फाइल सेमीकोलनने तोडलेली, आणि मध्येमध्ये फंड घराण्यांची नावं नुसत्या ओळीत, सेमीकोलनाविना. भविष्य निर्वाह निधीवाल्यांनी तीन चिन्हांचं कुंपण निवडलं. टोपी एखाद्याच्या नोंदीत चुकून पडू शकते, #~# पडणार नाही. हुकूमशाही खरी, पण फाइल अडली तर निदान दोष कुणाचा याबद्दल वाद राहत नाही.

माझ्यासारख्यांना ती चैन नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हजेरी यंत्राची फाइल येते, बँकेची येते, कँटीनच्या ठेकेदाराची येते, आणि कुणीच माझं ऐकणारा नाही. वेबवर फाइल चढवायची रीत नोव्हेंबर १९९५च्या आरएफसी १८६७ मध्ये लिहिली गेली, झेरॉक्समधल्या दोघांनी. तेव्हापासून प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ती यादी आली. कॉमा, सेमीकोलन, टॅब, स्पेस, आणि शेवटी 'इतर' अशी एक छोटी चौकट. युनिक्समध्ये हाच प्रश्न प्रोग्रॅमर प्रोग्रॅमरला विचारत होता. आता तो टाइमकीपरला विचारला जाऊ लागला.

त्या छोट्या चौकटीत काय काय होतं ते बघा. टॅब हवा म्हणून माणूस टॅबची कळ दाबतो, तर कर्सर उडी मारून पुढच्या चौकटीत. कुणी शिकवलेलं असतं म्हणून तो \t लिहितो, आणि सॉफ्टवेअर उलटी रेघ व टी अशी दोन चिन्हं घेऊन फाइलीत शोधत बसतं. कुणी खरोखरच स्पेस देतो, तर पडद्याचा कोड मागचे-पुढचे मोकळे भाग छाटून टाकण्याच्या शिस्तीपायी तीच खाऊन टाकतो आणि चौकट रिकामी येते. कुणी उभी रेघ देतो. जावामध्ये मजकूर तोडायची जी नेहमीची सोय आहे ती उभ्या रेघेचा अर्थ 'हे किंवा ते' असा घेते, आणि रकाने न तोडता एकेक अक्षर सुटं करून देते. आपलं नाव अक्षराअक्षराने वीस रकान्यांत विखुरलेलं बघून घाबरलेले फोन मी घेतलेले आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींनी म्हणूनच दार किलकिलंच ठेवलं. तिथे फाइल भरून घेताना चिन्ह एकच आणि एकाच बाइटचं हवं, ओळ संपवणारं नको, आणि साध्या मजकुराच्या फाइलीत इंग्रजी छोटं अक्षर, अंक, टिंब किंवा उलटी रेघही नको.

विचारण्यापेक्षा ओळखावं, असा दुसरा पंथ. पायथन भाषेत २००३ साली सीएसव्ही वाचायची सोय आली तेव्हा तिच्याबरोबर वास घेऊन चिन्ह सांगणारा एक भाग आला, नावच 'स्निफर'. तो काय करतो, तर ओळींमध्ये कुठलं चिन्ह दर वेळी सारख्याच संख्येने येतं ते मोजतो. कल्पना छान आहे. पण हजेरी यंत्राच्या फाइलीत प्रत्येक ओळीला ०९:०२:११ अशी वेळ असते, म्हणजे दर ओळीत दोन कोलन, एकाही ओळीत कमी-जास्त नाहीत. आणि कोलन त्याच्या आवडीच्या चिन्हांच्या यादीत आहे, रकाने खरोखर तोडणारी उभी रेघ नाही. कामगार नऊला आला, दोनाला आला आणि अकराला आला असे तीन रकाने मी पाहिलेत.

वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१५ साली याचाही कायदा केला. फाइलीसोबत दुसरी एक फाइल द्यावी आणि तिच्यात चिन्ह कुठलं, अवतरण कुठलं ते लिहावं. अतिशय व्यवस्थित कागद आहे. कँटीनच्या ठेकेदाराने तशी दुसरी फाइल मला अजून पाठवलेली नाही.

माझ्याकडे मी काही वर्षं 'इतर' चौकटीत लोक काय लिहितात त्याची नोंद ठेवली होती. पाइप, म्हणजे उभी रेघ, होता, टोपी होती. 'टॅब' असं देवनागरीत लिहिलेलं होतं. 'कॉमा' तर बऱ्याचदा, वरच्या यादीत कॉमा असताना. 'माहीत नाही' होतं. 'एक्सेल' होतं. एका नोंदीत फक्त प्रश्नचिन्ह, आणि ते विभाजक आहे की प्रश्न आहे हे मला आजवर कळलेलं नाही.

एक गठ्ठा वेगळाच निघाला. जुन्या मराठी-हिंदी फाइली, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. या फॉन्टांत अक्षरं खरी देवनागरी नसतात. इंग्रजी चिन्हांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये कॉमाच्या जागी ए आहे आणि सेमीकोलनच्या जागी य. आता 'एकनाथ' आणि 'यशवंत' असलेली यादी कॉमाने किंवा सेमीकोलनने तोडायला घ्या. एकनाथचा ए कुंपण होऊन बसतो आणि फाइलीत नुसते कनाथ उरतात. अशा फाइलीला कीबोर्डवरचं जवळपास कुठलंच चिन्ह सुरक्षित नसतं, कारण प्रत्येकावर कुठलं ना कुठलं अक्षर किंवा मात्रा बसलेली असते. तिथे मी टॅब सोडून काहीच स्वीकारत नाही.

आणि एका शिक्षणसंस्थेतून दंड आला. खरा देवनागरी दंड, श्लोकाच्या ओळीअखेर असतो तो. तिथल्या लेखनिक बाई इनस्क्रिप्ट कीबोर्डवर काम करायच्या, शिक्षकांची यादी मराठीतच ठेवायच्या, आणि त्यांनी आपल्या फाइलीत रकान्यांच्या मध्ये । असा दंड घातला होता. डोळ्यांना पाइपसारखाच. मोडीतल्या जुन्या हिशेबात हीच रेघ पाव दाखवायची. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. त्यामुळे कुणा खतावणीवाल्याला हे रुचलं नसतं, पण आजच्या मराठी पगारपत्रकात दंड कुठल्याच नावात येत नाही. म्हणजे निवड कॉमापेक्षा चांगली होती. माझ्या सॉफ्टवेअरने मात्र ती नाकारली. दंड हे एक चिन्ह असलं तरी यूटीएफ-आठमध्ये त्याचे तीन बाइट होतात, आणि मागे पोस्टग्रेस एकाच बाइटवर अडून बसलेलं.

बाईंना फाइल बदलायला सांगणं सोपं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्हीच 'इतर' लिहिलंय ना तिथे?"

तेव्हापासून त्या चौकटीत एकाहून अधिक चिन्हंही चालतात, म्हणजे #~# सुद्धा. अट एवढीच की तुम्ही दिलेली खूण फाइलीच्या पहिल्या काही ओळींत सारख्याच संख्येने सापडली पाहिजे. सापडली तर खाली लगेच तीन ओळी रकाने पाडून दाखवते, दशांशचिन्ह विचारते, आणि 'हो' म्हटल्यावरच पुढे जाते. आत डेटाबेसकडे देताना मी त्या खुणेच्या जागी ३१ नंबरचं चिन्ह घालते. ते एका बाइटचं आहे, आणि पगार खात्यात ते कुणाच्या नजरेला पडत नाही.